अहिराणी मिक्स भाग २: नाव नसलेल्या कॅसेटीमागची गोष्ट

भाऊ, तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमळनेरजवळच्या गावात आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट सापडली. कव्हरवर "अहिराणी मिक्स गाणी भाग २" एवढंच, एका रंगात छापलेलं, मागे गाण्यांची अर्धवट यादी, गायक-संगीतकार कुणाचंच नाव नाही, आणि कोपऱ्यात दुकानाचा अर्धा पुसलेला शिक्का ज्यात फक्त "नंदुरबार, जि. धुळे" वाचता येतं. आत अकरा गाणी. पहिली चार कॅसिओवर, मग दोन बायकांची नुसती गाणी ज्यात मागे कुत्रं भुंकतंय, मग तमाशातली बतावणी म्हणजे विनोदी संवाद, एक पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचं, एक बँडवाल्यांचं, आणि शेवटची दोन कुठल्यातरी मंडळाची. यूट्यूबवर त्यातलं एकही सापडत नाही. तर हा अल्बम कुठल्या कंपनीचा, कोणी गायला, कुठल्या सालचा आणि भाग १ कुठे मिळेल.

सरळ उत्तर देऊन टाकतो. कंपनी शोधत बसू नका, मिळणार नाही. असल्या कॅसेटी दुकानात भरल्या जायच्या. तरुणपणी मी धुळ्याला अशाच एका दुकानात कॅसेटी भरायचं काम केलंय आणि आता जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम करतो, त्यामुळे दोन्ही टोकं बघितलेली आहेत. तुमच्या हातात जे आहे त्याचा कर्ता गायक नाही, दुकानदार आहे. गाणी कुठून उचलली, कुठल्या क्रमाने लावली, कुठे कापली, हे सगळं त्याने ठरवलं, आणि त्याने ते कसं ठरवलं हे कॅसेटमध्येच ऐकू येतं. कव्हर खोटं बोलू शकतं, रीळ सहसा बोलत नाही.

आता थोडं मागचं सांगावं लागेल. कॅसेट फिलिप्सने १९६३ ला आणली पण आपल्याकडे सामान्य माणसाच्या घरात ती आली ऐंशीच्या दशकात, टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं मशीन घेऊन. त्याआधी रेकॉर्डचा जमाना, आणि रेकॉर्ड म्हणजे मोठ्या शहरातला स्टुडिओ, मोठी फॅक्टरी, मोठी ऑर्डर. अहिराणी गाण्यासाठी कोण करणार हे सगळं? मराठीसाठीच पुण्या-मुंबईकडे बघावं लागायचं. कॅसेटने एकदम गणित बदललं कारण कॅसेट बनवायला फॅक्टरी लागत नव्हती, एक चांगला डेक आणि कोऱ्या कॅसेटींचा खोका असला की झालं. सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरीज १९८३ ला सुरू झाली आणि किमती पार खाली आल्या. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या कॅसेटींवर काम केलंय, त्याच्या म्हणण्यानुसार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या रेकॉर्डेड संगीताच्या बाजारात ९५ टक्के वाटा एकट्या कॅसेटींचा झाला होता. भोजपुरी, हरियाणवी, गढवाली, सगळ्यांची गाणी याच लाटेत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात विकायला आली. अहिराणीची पण आली, फक्त आपल्याकडे ती कंपनीपेक्षा दुकानातून जास्त आली. अहिराणी बोलणारा माणूस काही कमी नाही, २०११ च्या जनगणनेत खानदेशी म्हणून १८ लाखांच्या वर लोक नोंदले गेलेत आणि घरात अहिराणी बोलून कागदावर मराठी लिहिणारे वेगळेच. पण हे गिऱ्हाईक जळगाव, धुळे, नंदुरबार, तिकडे मालेगाव-सटाणा आणि वर सुरत असं पसरलेलं, आणि पैसा खिशात येतो तो ठरावीक महिन्यांतच.

म्हणून दुकानदार कॅलेंडर बघून कॅसेट भरायचा. आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गौराईची आणि झोक्याची गाणी, कारण सासुरवाशिणी माहेरी येणार. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते, त्याच्या पंधरा दिवस आधीपासून कानबाईची गाणी. लग्नसराईत बँड आणि नाचायची. यात्रांमध्ये, म्हणजे धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रातली, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची वैशाखातली, सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोडेबाजारवाली, तिथे तमाशाची आणि विनोदी. आणि जे "मिक्स" म्हणून निघायचं ते बहुतेक सुरतेसाठी असायचं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. उधना, लिंबायत, पांडेसरा इकडे आपली किती माणसं आहेत हे तुम्हाला सांगायला नको, लूमवर नाहीतर साड्यांच्या कामात. गावाकडून परत जाताना तापी लाइनच्या, म्हणजे भुसावळ-सुरत मार्गाच्या पॅसेंजरला बसायच्या आधी माणूस एकच कॅसेट घेणार, मग त्याला त्यात आखाजीपण पाहिजे, कानबाईपण पाहिजे, तमाशापण पाहिजे आणि नाचायचं एक पाहिजे. तुमच्या कॅसेटमध्ये जो क्रम आहे तो नेमका हाच आहे, वर्षभराचा खानदेश साठ मिनिटांत. नंदुरबार म्हणजे तर सुरतेच्या वाटेवरचंच स्टेशन, त्यामुळे शिक्का तिथला असणं अगदी जुळतं.

आता एकेक तुकडा घेऊ. पहिली चार कॅसिओवाली, ती चारही एकाच जागी रेकॉर्ड झालेली असतील तर त्यांचा इको सारखा असेल, हेडफोन लावून ओळ संपते तिथे ऐका, आवाज मागे किती वेळा परत येतो आणि किती लवकर विरतो. त्या काळात वेगळा स्टुडिओ वगैरे नसायचा, मिक्सरला इको मशीन जोडलेली, एक माइक गायकाला, एक ढोलकीला, कॅसिओ थेट वायरने आत. प्रत्येकाचं इकोचं बटण एका जागी चिकटलेलं असायचं, कोणी हलवायचं नाही. त्यामुळे इको सारखा म्हणजे माणूस एक. दोन गाण्यांचा एक आणि दोन गाण्यांचा वेगळा निघाला तर दुकानदाराने दोन वेगवेगळ्या कॅसेटींतून उचललंय हे नक्की समजा.

पाचवं-सहावं, बायकांचं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि लोक नेमकं तेच पुढे ढकलतात. तुम्ही लिहिलंय की "रेकॉर्डिंग खराब आहे, मधेच कुत्र्याचा आवाज मोठा होतो". ते खराब नाहीये, ते टू-इन-वनच्या आतल्या माइकवर केलेलं आहे. त्या मशीनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते, कोणी गायलं की मशीन स्वतःला दाबतं आणि गाणं थांबलं की दोन-तीन सेकंदांत स्वतःला उघडतं, मग मागचं सगळं वर येतं, कुत्रं, बांगड्या, कोणीतरी पोराला हाकलतंय. ओळ सुरू झाली की परत ते सगळं खाली बसतं. म्हणजे हे कानबाईच्या रात्री कोणाच्या तरी ओसरीवर टेप मधोमध ठेवून केलेलं आहे आणि ती घरची कॅसेट नंतर दुकानात आली. कशी आली तर अशी, की घरचे एका कॅसेटच्या चार करून घ्यायला दुकानात यायचे, बहिणीला एक, सुरतेच्या भावाला एक, आणि दुकानदार गाणी चांगली वाटली की स्वतःसाठी एक जास्तीची काढून ठेवायचा. विचारायची पद्धत नव्हती. त्या बायकांना आयुष्यात कधी कळलं नसेल की आपण एका अल्बमवर आहोत. माझ्याकडे एकदा पारोळ्याकडचे एक आप्पा अशीच कॅसेट घेऊन आले होते, उतरवून घेताना स्पीकर चालू होता आणि ते बाहेर बाकावर बसलेले, एकदम आत येऊन म्हणाले, "हाऊ ते मनी मायना आवाज शे", म्हणजे हा तर माझ्या आईचा आवाज आहे. कॅसेट त्यांनी बाजारातून विकत घेतलेली होती.

सातवं बतावणीचं. तमाशातून उचलताना दुकानदार नेहमी बतावणी किंवा गवळण घेतो, वग घेत नाही, कारण वग दीड-दोन तास चालतो आणि कॅसेटमध्ये मावत नाही. तंबूत रेकॉर्डिंग दोन तऱ्हेने व्हायचं, एक तर प्रेक्षकात बसून टेप मांडीवर ठेवून, किंवा साउंडवाल्याशी ओळख काढून त्याच्या अँप्लिफायरमधून वायर घेऊन. कसं ओळखायचं? हशा ऐका. हसणं जवळ आणि सोंगाड्या लांब म्हणजे मांडीवरचं. सोंगाड्या अगदी कानात आणि हशा लांबून म्हणजे वायरवालं. वायरवालं असेल तर फडाला माहीत होतं आणि नाव सापडायची शक्यता वाढते, कारण माइकवर कधीतरी कोणीतरी फडाचं नाव घेतलेलंच असतं.

पावरीवरचं गाणं अहिराणी नसणार, नीट ऐका. पावरी हे डोंगरातलं वाद्य, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजतं, त्याच्यावरचं गाणं बहुतेक कोकणी (गोव्याकडची नाही, डोंगरातल्या कोकणा आदिवासींची), मावची किंवा भिलोरीत असेल. दुकानदाराने "अहिराणी मिक्स" मध्ये घातलं कारण नंदुरबारच्या बाजारात अक्कलकुवा, धडगाव, नवापूरकडचं गिऱ्हाईक येतं आणि त्यालाही काहीतरी पाहिजे. इथे एक सांगून ठेवतो, पुढेमागे तुम्ही हे कुठे टाकलं तर त्या गाण्याला अहिराणी म्हणून टाकू नका, ज्यांचं आहे त्यांना ते लागतं आणि लागायलाच पाहिजे.

बँडवाल्यांचं सोडा, ते वरातीतलं आहे, नाव बँडच्या गाडीवर असतं कॅसेटवर नसतं.

आता कॅसेट कशी भरली ते बघा, कारण त्यावरून तुमची कॉपी मूळ आहे की कॉपीची कॉपी हे कळतं. दोन गोष्टी तपासा. ए बाजूचं शेवटचं गाणं मधेच तुटतं का, आणि बी बाजूचं पहिलं गाणं मधूनच सुरू होतं का. दोन्ही बाजूंची शेवटची गाणी तुटत असतील तर साध्या डबल डेकवर, म्हणजे एका खणातून दुसऱ्यात कॉपी करणाऱ्या टेपवर, एकेक बाजू वेगळी भरलीय, कोरी कॅसेट संपली तिथे गाणं संपलं. पण ए चा शेवट तुटलेला आणि बी ची सुरुवात गायब असं असेल तर ते डुप्लिकेटर मशीनवर भरलेलं आहे, ते मशीन दोन्ही बाजू एकदम भरतं, ए सरळ आणि बी उलटी, त्यामुळे रीळ कमी पडलं की ए चं शेपूट आणि बी चं डोकं एकाच वेळी जातं. डुप्लिकेटर म्हणजे दुकान मोठं होतं, बऱ्याच नगांचा माल काढत होतं, आणि तसं असेल तर तुमच्या कॅसेटीच्या बहिणी अजून कुठे ना कुठे जिवंत आहेत. डबल डेक असेल तर गिऱ्हाईक आलं की भरून द्यायचं असा धंदा, मग दोन कॉपीत क्रमसुद्धा सारखा असेल याची खात्री नाही. कॅसेट खोलून बघायची असेल तर पाच स्क्रूवाली आहे का बघा, काही कवचं नुसती चिकटवलेली असतात. मोठी दुकानं रिकामी कवचं आणि रिळाची मोठी चकती, जिला पॅनकेक म्हणतात, वेगळी आणून पाहिजे तेवढं रीळ भरायची. साठच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर रीळ लागतं, पण पॅनकेकवाले गाणी संपली की दोन-चार मीटरवर कापायचे, पैसा वाचवायला. तुमच्या दोन्ही बाजू २६-२७ मिनिटांत संपत असतील तर हाच प्रकार.

स्पीडचा विषय जरा लांबवतो कारण इथे बहुतेक लोक फसतात. घरच्या टेपवर सेल उतरलेले असताना रेकॉर्ड केलं की रीळ हळू फिरतं, आणि तेच नंतर बरोबर स्पीडला वाजवलं की गाणं फास्ट आणि आवाज पातळ येतो. त्यामुळे "ही लहान मुलगी गातेय" असं वाटतं आणि ती असते चाळिशीची बाई. कानबाईवाल्या दोन गाण्यांत हे असण्याची शक्यता खूप. कॅसिओवाल्या गाण्यांत तपासणं सोपं, कॅसिओचा सूर कारखान्यातून ठरलेला असतो, गाणं काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधोमध कुठेतरी लटकत असेल तर स्पीड तीनेक टक्क्यांनी चुकलाय, कारण एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत साधारण सहा टक्क्यांचा फरक असतो. हार्मोनियमवर हा भरवसा ठेवू नका, गावची पेटी कशाला लावलेली असेल सांगता येत नाही. काही लोक लाइटच्या घुंईवरून मोजतात, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून मागचा घुंई आवाज ५० ला बसवला की स्पीड बरोबर, पण नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच ५० ला टिकत नव्हती, लोड वाढला की खाली जायची, आणि सेलवर रेकॉर्ड केलं असेल तर घुंई नसतेच. ती घुंई दुसऱ्याच कामाला येते. एका कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये गाण्याचा आलेख काढून बघा, खाली ५० च्या आसपास एकच रेघ आहे की दोन-तीन रेघा जवळजवळ आहेत. प्रत्येक वेळी विजेवरच्या मशीनवर कॉपी झाली की आपली एक रेघ सोडून जाते. तीन रेघा म्हणजे निदान तीनदा उतरवलेलं, म्हणजे मूळ कॅसेट तुमच्यापासून बरीच लांब आहे.

साल काढायला तुमच्याकडे सगळ्यात पक्का पुरावा शिक्क्यातच आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. "नंदुरबार, जि. धुळे" म्हणजे शिक्का त्याआधी बनवलेला. आता आपल्याकडे रबरी शिक्का कोणी लगेच बदलत नाही हे धरून चला, दोन-तीन वर्षं जुनाच मारत राहिले असतील, तरी कॅसेट फार तर २०००-०१ पर्यंतची म्हणायला हरकत नाही. कव्हरवर फोन नंबर अर्धा जरी वाचता आला तर तो किती आकडी ते बघा, २००२ च्या सुमारास लँडलाइन नंबरांच्या पुढे २ लागला, त्यावरून अलीकडचं की पलीकडचं ते ठरतं. आणि तिसरं म्हणजे चाली. अहिराणीत हिंदी पिक्चरच्या चालीवर शब्द बसवायची पद्धत तेव्हापासून आहे, चार कॅसिओवाल्यांपैकी एकतरी तसं असणारच. चाल ओळखा, पिक्चर कुठल्या सालचा ते काढा, कॅसेट त्याआधीची असू शकत नाही. चाल १९९४ ची निघाली आणि शिक्का १९९८ च्या आधीचा, की जुना शिक्का मारत राहिल्याची दोन-तीन वर्षं धरूनही सहा-सात वर्षांच्या पट्ट्यात आलात, असल्या कॅसेटसाठी याच्याहून बारीक तारीख क्वचितच निघते.

कव्हरवर अजून एक गोष्ट नाहीये तीही बोलते. १९८४ पासून कॉपीराइट कायद्यात कलम ५२ए आहे, त्यानुसार रेकॉर्डिंगवर आणि त्याच्या कव्हरवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाचा ते आणि पहिल्यांदा कधी काढलं ते साल छापावं लागतं. कंपनीच्या कॅसेटवर हे असतंच, बारीक अक्षरात का होईना. तुमच्या कव्हरवर नाही म्हणजे जिथे दुकानदाराला स्वतःचंही नाव पुढे करायचं नव्हतं तिथे गायकाचं नाव तो कशाला छापेल. लोकांना वाटतं कलाकारांची उपेक्षा, समाजाचं दुर्लक्ष वगैरे. तेही असेल, पण साधं कारण हे की नाव छापलं की तो माणूस पैसे मागायला येईल. मी हे दुकानात समोर बसून ऐकलेलं आहे.

मग गायक शोधायचा कसा. एक, गाण्याचा शेवटचा अंतरा. शाहिरी वळणाच्या गाण्यात कवी शेवटी स्वतःचं नाव किंवा गाव गुंफतो, वहीगायन या खानदेशी लोकगायनातही अशी गावाची आठवण काढतात. दुर्दैव असं की दुकानदार नेमका शेवटचाच अंतरा कापायचा, पुढच्या गाण्याला जागा करायला, त्यामुळे शेवटची दोन मंडळाची गाणी पूर्ण आहेत का ते आधी बघा. पूर्ण असतील तर अर्धं काम झालं. दोन, बोली. अहिराणी सगळीकडे एक नाही. यावल-रावेर-भुसावळकडची लेवा बोली वेगळी, जामनेरकडची तावडी वेगळी, सटाण्याकडची बागलाणी वेगळी, शहादा-तळोद्याच्या गुजरांची गुजरी तर लगेच कळते. तुमच्या घरी जी आजी बोलते तिच्यासारखी गाण्यातली बाई बोलते का, हे आजीलाच विचारा, ती दहा सेकंदांत सांगेल की "हाई आम्हनाकडली नही". तीन, गाणं फोनवर वाजवत फिरू नका, दोन-दोन मिनिटांचा तुकडा करून त्या त्या तालुक्यातल्या वयस्क बँडवाल्यांना, तमाशात पेटी वाजवलेल्यांना, लाउडस्पीकरवाल्यांना पाठवा. गायकापेक्षा वाजवणारा लवकर ओळखतो. ढोलकीचा हात कोणाचा हे ढोलकीवाला सांगतो, शब्द त्याला आठवतसुद्धा नसतील.

यूट्यूबवर का नाही, तर मधला दुवाच तुटलाय. कॅसेटनंतर एमपीथ्रीच्या सीडी आल्या, ७०० एमबीच्या एका सीडीत साध्या क्वालिटीची बारा तास गाणी मावायची, म्हणून "१५१ अहिराणी गाणी" असल्या सीडी निघाल्या, मग मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायची दुकानं. तिथे गाण्याच्या माहितीच्या रकान्यात दुकानवाला गायकाच्या जागी स्वतःच्या दुकानाचं नाव टाकायचा, काही जण तर गाण्याच्या मधोमध स्वतःचं नाव बोलून घालायचे. जी गाणी त्यात गेली ती पुढे यूट्यूबवर आली, दुकानाचं नाव लावून का होईना. जी कॅसेटवरच राहिली ती राहिली. आता अहिराणी गाण्यांचे यूट्यूबवर कोटींनी व्ह्यूज होतात, पण तो सगळा नवा माल, जुनं उतरवायला कोणी बसत नाही कारण त्यात पैसा नाही.

भाग १ बद्दल. असेलच असं समजू नका. "भाग २" लिहिलं की गिऱ्हाईकाला वाटायचं भाग १ जोरात चालला असणार, ही ट्रिक सगळीकडे होती, मी भरलेल्या कॅसेटींत अशी एक मालिका होती जी थेट भाग ३ पासून सुरू झाली. असलाच तर सुरतेत शोधा, नंदुरबारला नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटींची कवचं वाकतात, आतलं फेल्टचं गादीसारखं बारीक पॅड सुटतं. सुरतेच्या दमट हवेत रिळाला बुरशी येते पण ती साफ करता येते.

उतरवताना एवढं करा. आधी काचेतून रिळाकडे बघा, पांढरी भुकटी दिसली तर वाजवू नका, त्याने डेकचं हेडपण जाईल. दिसली नाही तरी फास्ट फॉरवर्ड करू नका, पेन घालून हाताने सुरुवातीची गाठ सैल करा. पॅड सुटलं असेल तर रीळ दुसऱ्या स्क्रूवाल्या कवचात हलवायचं, ते न जमल्यास जाणत्याकडून करून घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. मग हेडचा तिरकेपणा जुळवणारा, त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू, अ‍ॅझिमथचा, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि कोणीही हात लावत नाही. आवाज मोनो करून ऐकत ऐकत तो केसभर इकडे-तिकडे फिरवा, एका जागी झांज आणि "स" एकदम उघडतात, तिथे थांबा. तुमच्या कॅसेटमध्ये गाणी वेगवेगळ्या मशीनवरून आलेली आहेत, म्हणून प्रत्येक तुकड्याला ही जागा वेगळी असेल, एकाच सेटिंगवर सलग उतरवली तर चार गाणी चांगली आणि सात गाणी कांबळ्यातून आल्यासारखी येतील. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करायचं बटण, बंद ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला साठ मिनिटांची साधारण एक जीबी फाइल होते, ९६ ला दोन जीबी. आजकाल जागेचा प्रश्न नाही, ९६ ला घ्या. नॉइज काढायचा मोह आवरा निदान मूळ फाइलवर, कुत्र्याचा आवाज काढायला गेलात की त्याच्यासोबत बायकांच्या टाळ्या जातात.

शेवटचं म्हणजे टाकायचं का नाही. पारंपरिक गाण्यावर कोणाचा हक्क नसतो पण रेकॉर्डिंगवर असतो, आपल्याकडे तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि गाणाऱ्याचा, म्हणजे कलाकार म्हणून जो हक्क आहे तो १९९४ ला कायद्यात आला आणि १९९९ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचा झाला. कागदावर दुकानदार मालक म्हणवून घेऊ शकेल का यावर वकील लोक चर्चा करतील, माझं स्वतःचं मत असं की कॅसिओवाली आणि मंडळाची गाणी नाव सापडेपर्यंत "गायक माहीत असल्यास कळवा" लिहून टाकायला हरकत नाही, त्याने उलट नाव सापडायला मदतच होते. ओसरीवरची दोन मात्र टाकू नका. ती कोणाच्या तरी घरची आहेत, त्यांनी विकायला म्हटलेली नाहीत. आधी त्यातला तीस सेकंदांचा तुकडा पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचाकडच्या नात्यातल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा, कानबाईच्या आठवड्यात फिरवलात तर उत्तर लवकर येईल. आणि बी बाजूची सुरुवात तुटलेली आहे की नाही ते बघून इथेच कळवा, तुटलेली असेल तर डुप्लिकेटरवाली नंदुरबारची दुकानं तेव्हा मोजकीच होती, त्यातल्या दोघांना मी ओळखतो, विचारून बघतो.